क्राउन-पिनियन नवं घातलं, आता जीप गुणगुणते

कराडची_जीप:
वडिलांची ७४ सालची महिंद्र सीजे-३बी. मागे स्पायसर ४४ अ‍ॅक्सल, टेपर शाफ्टवाला (चाकाचा हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसतो). क्राउन म्हणजे अ‍ॅक्सलमधलं मोठं दातेरी चाक, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारं लहान. पिनियनच्या दोन दातांचे टवके उडाले म्हणून नवी जोडी घातली, मूळचीच ४३-८ दातांची. मिस्त्रींनी जुने शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) जसेच्या तसे लावले. डायलवर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, सहा थाऊ (इंचाचे हजारांश) आला, म्हणाले, "टकाटक." पण ४५ च्या स्पीडला अ‍ॅक्सिलेटर धरून ठेवला की मागून भुंग्यासारखं हूंऽऽ, पाय काढला की गप्प. दोनशे किलोमीटर झाले. मिस्त्री म्हणतात घासून बसेल. बसेल का? आई मागे बसायला तयार नाही, म्हणते, "हे चालवायचे तेव्हा अशी ओरडत नव्हती."

घाटातला_वेग:
पुन्हा उघडताच आहात तर ४.८८ रेशोची जोडी टाका ना भाऊ. हायवेला मस्त पळेल.

जुना_फिटर:
वेगराव, पुढच्या अ‍ॅक्सलला ५.३८ (४३ भागिले ८) आहे, तो कोण बदलणार? नुसता मागचा बदलून फोर-व्हील टाकलं की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडत बसतात आणि मार खाते ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी पेटी.

कराडकर, घासून बसणार नाही. दातांवरचा कडक थर घासून गेला तर जोडीच गेली समजा. चालवणं बंद करा. बॅकलॅश बरोबर आला म्हणजे सेटिंग बरोबर असं नसतं. क्राउन डावी-उजवी सरकवून सहा थाऊ कुठेही आणता येतो. पिनियन किती आत आहे ते आधी बघायचं. दोन्ही पिनियनच्या तोंडावर इलेक्ट्रिक पेन्सिलने + किंवा − करून आकडा कोरलेला असतो. तो सांगा. जुनं पिनियन भंगारात दिलं नाही ना?

कराडची_जीप:
नाही काका, डब्यात आहे. जुन्यावर +२, नव्यावर −३. मला वाटलं लॉट नंबर असेल.

जुना_फिटर:
तिथेच आहे तुमचा भुंगा. आकडा थाऊत असतो: + ला शिम कमी लागतो, − ला जास्त. फरक पाच थाऊचा. आतल्या बेअरिंगच्या कपाखाली (बाहेरच्या कड्याखाली) पाच थाऊ शिम वाढवा. आणि हे बहुतेक जण विसरतात: तेवढाच शिम बाहेरच्या बेअरिंगच्या शिममध्येही वाढवायचा, नाहीतर नट आवळला की पिनियन जाम. क्राउन आणि ऑइल सील न लावता पिनियनचा ताण तपासा. टॉर्क रेंच नसेल तर फ्लँजला मध्यापासून दोन इंचावर दोरी बांधा आणि स्प्रिंगचा वजनकाटा लावून ओढा. नव्या बेअरिंगला साडेचार ते नऊ किलोत फिरत राहिलं पाहिजे.

कप सारखा ठोकून काढू-घालू नका. जुना कप बाहेरून घासून हाताने सरकेल असा करा, ट्रायल त्याच्यावर घ्या. बाजूच्या जुन्या बेअरिंगचं भोक तसंच आतून मोठं करा. माझ्याकडे असा सेट तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला आहे, बायको दर दिवाळीला टाकायला काढते.

पिनियन आत गेलं की बॅकलॅश घटेल. क्राउनच्या बाजूचा शिम काढून तोच पलीकडे घाला, म्हणजे एकूण बेरीज बदलत नाही. मग दातांना शेंदूर. हो, मारुतीचाच, तेलात कालवून. (शिसं असतं त्यात, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.) क्राउनला फडक्याने ब्रेक देऊन पिनियन दोन्हीकडे फिरवा आणि फुगीर बाजूचा ठसा बघा. दाताच्या माथ्याला आला तर पिनियन अजून लांब आहे, मुळाशी गेला तर जास्त आत.

कराडची_जीप:
काका, रविवारी उघडलं. आधी जुन्याच सेटिंगवर शेंदूर लावून बघितला: ठसा माथ्याच्या कडेला, नखाएवढी पट्टी. पाच थाऊ घातल्यावर दाताच्या मध्यावर आला, साबुदाण्याएवढी जागा मुळाकडे मोकळी. बॅकलॅश दोनवर आला होता, शिम इकडचे तिकडे करून सहा केला. हब काढताना पुलरने मात्र घाम काढला. टेपर सुटला तेव्हा असा धडाका झाला की शेजारचे बघायला आले.

जुना_फिटर:
पुलर लावताना नट पूर्ण काढला नव्हता ना? दोन आटे राहू द्यायचे, नाहीतर हब थेट पायावर. तेल हायपॉइड गिअरचं, जीएल-५ दर्जाचं, ९० नंबर. पहिल्यांदा वीस मिनिटं चालवून थांबा, हाउसिंग गार होऊ द्या. पहिले काही शे किलोमीटर ट्रेलर-बिलर ओढू नका.

कराडची_जीप:
नट ठेवला होता, पाय शाबूत आहेत. उंब्रजपर्यंत जाऊन आलो, आई मागे. ४५ ला भुंगा नाही. ५० च्या पुढे बारीक शिट्टी येते, पण ती ट्रान्सफर केसची. आईने ऐकली आणि म्हणाली, "हां, ही आपली."