डीमार्टची मुळं नेरूळच्या अपना बाजारात

‘डीमार्ट आलं आणि अपना बाजार (मुंबईतली ग्राहकांची सहकारी दुकानं) संपलं’ हे म्हणणं मला अर्धंच पटतं. गंमत अशी की डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणींनी किराणा धंद्याचे पहिले धडे अपना बाजारातच गिरवले. १९९९च्या सुमारास त्यांनी नेरूळला अपना बाजारची फ्रँचायझी घेतली होती, डीमार्टचं पवईचं पहिलं दुकान २००२ मधलं. म्हणजे ज्याला आपण मारेकरी म्हणतोय तो इथलाच विद्यार्थी.

अपना बाजार १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत सुरू झालं, तेव्हा रेशनिंगचे दिवस होते. मालकीच गिऱ्हाइकांची, म्हणून भाव वाजवी. पुढे १९६८ला तिथेच डिपार्टमेंट स्टोअर झालं आणि धान्य, कापड, भांडी एकाच छताखाली आली. आमच्या घरी भागधारक असण्याचा केवढा तोरा! जूनमध्ये वह्या-दप्तरं, दिवाळीआधी रवा-मैदा-डालडा, सगळं तिथूनच. दारात पिशवी जमा करून बिल्ला घ्यायचा, तो हरवू नये म्हणून आई रुमालाच्या टोकाला बांधायची (पर्समधले पैसे मात्र बिनधास्त उघडे). पाकिटावर छापलेलं वजन तिथे कोणी पुन्हा तोलून बघत नसे, वाण्याकडे तेवढा विश्वास नव्हता.

माझ्या मते अपना बाजारावर खरा घाव १९८२च्या गिरणी संपाचा. गिरणगावातला महिन्याचा पगारच थांबला, मग महिन्याचा किराणा भरणार कोण? मॉल तर खूप नंतर आले.