आई-बाबांची गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते, बॅटरी टिकवायची कशी? (सल्ला हवा)

पौडफाटा

नमस्कार मंडळी. मी नोकरीनिमित्त हैदराबादला, आई-बाबा कोथरूडला. त्यांच्याकडे गिअरची छोटी पेट्रोल गाडी आहे. बाबा ७४ वर्षांचे. भाजी, बँक, देऊळ सगळं पायी नाहीतर रिक्षाने होतं, त्यामुळे गाडी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभीच असते. पण ती विकायची नाही. आईला हृदयाचा त्रास आहे, आणि रात्री-अपरात्री निघायची वेळ आली तर दारात गाडी हवी, असं आम्हा सगळ्यांचं मत आहे.

मागच्या आठवड्यात नेमकं तिच्या तपासणीला निघताना सेल्फ मारला तर नुसतं टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवेही मंदावले. बॅटरी जेमतेम दोन वर्षांची. दुकानदार म्हणतो, मेली, नवीन टाका. आधीचीही अशीच गेली होती. बाबा दर रविवारी न चुकता खाली जाऊन गाडी दहा मिनिटं चालू ठेवतात. तरी असं का होतं? आणि वाकून करायची कामं आता त्यांना झेपत नाहीत, हे लक्षात घेऊन सांगा.

वायरमन_नाशिक

गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामातच आयुष्य गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती. नवी बॅटरी लगेच घेऊ नका. आहे ती काढून चार्जरवर सावकाश पूर्ण चार्ज करा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मल्टीमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचा मीटर) लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवलं तर पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली आली तर जवळपास रिकामी. पूर्ण चार्ज करूनही सकाळी १२.३ च्या आसपास घसरत असेल तर आतून खराब झाली म्हणायची. १२.६ टिकलं तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. नुसत्या व्होल्टेजवर बॅटरी चांगली ठरत नाही, सेल्फचा भार पडल्यावर काय होतं ते बघावं लागतं.

आता बाबांच्या रविवारबद्दल. गाडी बंद असली तरी सेंट्रल लॉक, अलार्म, म्युझिक सिस्टिमची मेमरी आणि इंजिनाचा कॉम्प्युटर थोडा थोडा करंट ओढतच असतात. २० ते ५० मिलिअँपिअर हे नॉर्मल. ३० धरले तरी दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या (एक अँपिअर करंट तासभर, हे बॅटरीतल्या साठ्याचं माप) आसपास, आठवड्याला पाच. छोट्या पेट्रोल गाडीत बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-अवरची असते. म्हणजे महिनाभर नुसती उभी राहिली की निम्म्याहून जास्त उतरली.

याउलट दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये, म्हणजे उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवल्यावर, अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं, बॅटरी भरणारं जनित्र) पूर्ण ताकदीने चालतच नाही. बॅटरीपर्यंत सात-आठ अँपिअर पोहोचले असं धरलं तरी दहा मिनिटांत सव्वा अँपिअर-अवर भरला. गेले पाच, आले सव्वा. दर रविवारी तूट वाढत जाते. सेल्फ मारायला फार करंट जातो म्हणून बॅटरी बसते असं बरेच जण समजतात, पण दोन सेकंदांच्या सेल्फला लागतो तो अगदी किरकोळ. खाते ती उभी राहण्याची वेळ.

आणि अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक बसतात. सुरुवातीला ते चार्जिंगने विरघळतात, पण आठवडेच्या आठवडे राहिले की कडक होतात. तेवढी प्लेट कायमची कामातून गेली. दोन वर्षांत बॅटरी जाते ती याच कारणाने.

अजून एक, आणि हे फार महत्त्वाचं. तळघरात गाडी चालू करून उभं राहणं बाबांनी आजच थांबवावं. गाडीच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

संत्रानगरी

वायरमनदादांशी सहमत. आमच्या नागपुरात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बॅटऱ्या पटापट जातात. उष्णतेने ती आपोआपही लवकर उतरते. गाडी तळघरात आहे हे तुमच्या पथ्यावरच पडलंय.

आमच्याकडे तासावर येणारा ड्रायव्हर ठरवलाय. आठवड्यातून एकदा येऊन मोकळ्या रस्त्याने चाळीसेक मिनिटं गाडी फिरवून आणतो. तुम्हाला चांदणी चौकातून पिरंगुटपर्यंत जाऊन येता येईल. टायर, ब्रेक सगळ्यालाच बरं, आणि आई-बाबांचंही फिरणं होतं.

बाणेरकर

फिरवणं उत्तमच, पण तेवढ्याने बॅटरी पूर्ण भरत नाही. ८० टक्क्यांच्या पुढे ती करंट अगदी हळूहळू घेते, शेवटचा भाग भरायला काही तास जातात. तुमच्याकडे खाली प्लग पॉइंट असेल तर माझं मत सरळ आहे: ऑटोमॅटिक चार्जर लावा. सीटेकचा एमएक्सएस ५.० किंवा बॉशचा सी३ बघा. पूर्ण भरल्यावर हे स्वतःच करंट कमी करतात आणि बॅटरी त्या पातळीला राखतात, त्यामुळे लावून ठेवता येतात. गल्लीतल्या गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर मात्र असा सोडून जायचा नाही. तो थांबत नाही, बॅटरीतलं पाणी उकळवतो.

बाबांच्या वाकण्याचा प्रश्नही यात सुटतो. अशा चार्जरसाठी गोल चकत्या असलेली एक छोटी वायर मिळते. ती एकदाच मेकॅनिककडून टर्मिनलच्या बोल्टखाली पक्की करून घ्यायची, फ्यूज तिच्यातच असतो. दुसरं टोक बंपरच्या जाळीतून बाहेर काढून ठेवायचं, त्याला रबरी टोपी असते. मग बॉनेट उघडायलाही नको, मोबाइलच्या चार्जरसारखी पिन जोडायची. निघताना आधी ती काढायची, एवढी सवय लागली की झालं.

कमिटीला विजेचा हिशोब द्या. सतत १० वॅट धरले तरी महिन्याला सव्वासात युनिटच्या आत. प्रत्यक्षात त्याहून कमीच लागते. वेगळा सबमीटर बसवायची तयारी दाखवलीत तर हरकत घ्यायला जागाच उरत नाही.

दगडूशेट_चौक

एवढा खर्च कशाला? दहा नंबरचा पाना घ्या, निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. करंट जाणारच नाही.

वायरमन_नाशिक

दोन-तीन महिन्यांसाठी गावाला किंवा परदेशी जाणाऱ्यांना हा उपाय मी स्वतः सांगतो. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

पण इथे गाडी कशासाठी ठेवलीय ते बघा. रात्री दोन वाजता आईला छातीत दुखतंय आणि बाबा तळघरात टॉर्च धरून बोल्ट आवळतायत, असं होऊ द्यायचं नाही. रिमोटचं लॉकही चालणार नाही. या घरासाठी चार्जरच योग्य.

मांडवीकाठ

पणजीहून. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर धरलाय का तेही बघा. आमच्या खाऱ्या हवेत हमखास धरतो. टर्मिनल सुटं करून गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, जोडून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा.

पौडफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार पुण्याला येऊन सांगितल्याप्रमाणे केलं. बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवली, सकाळी १२.२. म्हणजे गेलीच. पण मेकॅनिकने दुसरी चांगली बॅटरी तात्पुरती लावली, निगेटिव्ह केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडला आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबला. ११० मिलिअँपिअर! एकेक फ्यूज काढत गेल्यावर सापडलं: बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमची वायर. ती नीट जोडून दिल्यावर मीटर २२ वर आला.

वायरमन_नाशिक

मग दोन्ही बॅटऱ्या का गेल्या याचं उत्तर मिळालं. ११० म्हणजे दिवसाला अडीच अँपिअर-अवरहून जास्त, भरलेली बॅटरीही दोन आठवड्यांत तळाला. हे न बघता तिसरी टाकली असती तर तीही गेली असती. मेकॅनिक जाणकार आहे, अर्धा तास थांबला ते योग्यच केलं. लॉक केल्या केल्या मोजलं तर गाडीचा कॉम्प्युटर अजून जागा असतो, आकडा उगाच मोठा दिसतो. घरी कोणी हे करून बघणार असेल तर मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावा आणि तो जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

नवी घेताना बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा, दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली घेऊ नका. तिथेच व्होल्टेज मोजायला सांगा. वॉरंटी कार्डावर किती महिने पूर्ण बदलून मिळते आणि किती महिने प्रो-रेटा (वापरलेल्या काळाच्या प्रमाणात नव्या बॅटरीवर सूट), हे वेगवेगळं लिहिलेलं असतं, तेही वाचा.

पौडफाटा

चार्जरला कमिटीने होकार दिलाय, सबमीटर बसवतोय. तरीही वेळेला वीजच गेलेली असेल किंवा चार्जर बिघडला असेल तर? जंप स्टार्टर घेऊन ठेवू का?

बाणेरकर

जरूर घ्या. लिथियमचा, पॉवर बँकेएवढा असतो. गाडीत ठेवू नका, उन्हात गाडी तापली की तो खराब होतो. घरात किल्लीच्या जागेजवळ ठेवा आणि दर तीन महिन्यांनी चार्ज करा.

वायरमन_नाशिक

आणि शेजारच्या गाडीवरून केबल लावायची वेळ आली तर क्रम असा: लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला. तिचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला नाही, इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको. काढताना बरोबर उलट क्रम. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून जंप स्टार्टरच्या पिशवीत ठेवा आणि सोसायटीच्या वॉचमनलाही एकदा करून दाखवा. बाबांनी एकट्याने खटपट करायची गरज नाही.