जुन्या काँक्रीटचा चुरा वापरलेल्या ब्लॉकच्या कडा का झडतात?

प्रश्न : ब्लॉक उत्पादक, उदगीर

उदगीरजवळ आमचा सॉलिड ब्लॉकचा लहान कारखाना आहे. ग्रीटचे (बारीक खडीचे) दर वाढल्यामुळे यंदा एका पाडलेल्या आरसीसी इमारतीचा राडारोडा क्रशरवर फोडून आणला आणि ग्रीटच्या जागी सुमारे ३० टक्के वापरून पाहिला. सिमेंट पूर्वीइतकेच ठेवले. सकाळचे ब्लॉक ठीक निघाले. परंतु दुपारी मिक्सरमधला माल साच्यात पडेपर्यंतच कोरडा होऊ लागला, आणि सात दिवसांनी ते ब्लॉक उचलताना कडा बोटाने झडत होत्या. सिमेंट वाढवावे, की हा माल सोडूनच द्यावा?

उत्तर १ : स्थापत्य अभियंता, छत्रपती संभाजीनगर

सिमेंट वाढवण्यापूर्वी पाण्याचा हिशेब मांडावा. फोडलेल्या काँक्रीटच्या खड्याला जुन्या सिमेंट-वाळूचा सच्छिद्र थर चिकटलेला असतो. त्यामुळे आपल्याकडची काळ्या दगडाची खडी साधारण एक-दोन टक्के पाणी शोषत असेल, तर हा माल पाच-सहा टक्के सहज पितो. एका गोणीच्या घाण्यात असा माल १२० किलो पडत असेल, तर सहा टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे सात लिटर पाणी त्यातच मुरते. ब्लॉकच्या कोरडसर मालात गोणीमागे जेमतेम २०-२५ लिटर पाणी असते, हे लक्षात घेतल्यास कडांना काय कमी पडले ते कळेल. सकाळी ढीग दवाने ओलसर असतो आणि दुपारी तापलेला, म्हणून फरक दिसला असावा.

ढिगावर आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी मारावे, गोणपाट झाकावे आणि सकाळी निथळू द्यावे. शोषण घरच्या घरी मोजता येते : एक किलो माल २४ तास भिजवून, फडक्याने वरचे पाणी टिपून वजन करावे; मग कढईत वजन घटायचे थांबेपर्यंत परतून पुन्हा वजन करावे.

प्रमाणाविषयी एक आधार म्हणजे आयएस ३८३ : २०१६ हे खडी-वाळूचे भारतीय मानक. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये जुन्या काँक्रीटची खडी २५ टक्क्यांपर्यंत वापरण्यास त्यात मुभा आहे. ब्लॉकसाठी मानक वेगळे असले, तरी सुरुवातीला आपण त्या आकड्याच्या आतच राहावे.

उत्तर २ : राखेच्या विटांचे उत्पादक, परळी

आपण मिश्रणात औष्णिक केंद्राची राखही घालत असाल, तर ती कोरडी घ्यावी. तळ्यातल्या राखेची ओल प्रत्येक ट्रकला वेगळी असते. राखेने ताकद येते, पण सावकाश, त्यामुळे सातव्या दिवशी ब्लॉक हलवण्याची घाई महागात पडते. आम्ही किमान १४ दिवस पाणी मारतो. उन्हाळ्यात टँकरवर भागवावे लागते तेव्हा हे जिवावर येते, परंतु ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिक अंथरल्यास पाणी बरेच वाचते.

प्रश्नकर्ता, उदगीर

राख घातलेली नाही. कढईची चाचणी केली : ओला माल १,०४८ ग्रॅम, परतल्यावर ९९० ग्रॅम, म्हणजे शोषण ५.९ टक्क्यांच्या आसपास. मात्र चाळताना विटांचे तांबडे तुकडे आणि नखाने खरवडले जाणारे पांढरे तुकडेही निघाले. ते चुन्याचे असावेत का?

उत्तर ३ : स्थापत्य अभियंता, छत्रपती संभाजीनगर

ते बहुधा छताच्या पीओपीचे असावेत, आणि मला विटांपेक्षा त्यांचीच अधिक काळजी वाटते. विटेचा तुकडा पाणी जास्त पितो, एवढेच. पीओपी म्हणजे जिप्सम. त्यातील सल्फेट ओलाव्यात सिमेंटशी अभिक्रिया करून फुगते आणि धड दिसणारा ब्लॉकही काही महिन्यांनी आतून तडकू शकतो. क्रशरमधून निघाल्यावर ते वेचणे अशक्यप्राय आहे, म्हणून पाडकाम करणाऱ्या ठेकेदाराकडून पीओपी आणि गिलावा आधी उतरवून घ्यावा, व नुसते स्लॅब, तुळया आणि खांबच क्रशरवर न्यावेत.

तयार झालेल्या मालापैकी काही ब्लॉक प्रयोगशाळेत दाबशक्तीसाठी द्यावेत आणि तीन ब्लॉकचे जलशोषण पाहावे. आयएस २१८५ या ब्लॉकच्या मानकानुसार त्यांची सरासरी १० टक्क्यांवर जाता कामा नये. दोन्ही निकाल चांगले आले, तरी पांढरे तुकडे असलेला हा लॉट घराच्या भिंतीसाठी विकू नये.