वर्गात रंगावरून आणि भाषेवरून होणारी टिंगल: शाळेने काय करावे?

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका, अमरावती जिल्हा)

मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातील हायस्कूलमध्ये मी नववीला मराठी शिकवते. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील काही कोरकू मुले वसतिगृहात राहून आमच्याकडे शिकतात. गावातील मुले त्यांना रंगावरून नावे ठेवतात आणि ती आपसांत कोरकू बोलू लागली की तोंड वेडेवाकडे करून नक्कल करतात. गेल्या आठवड्यात एका मुलीने वहीत अचूक उत्तर लिहिलेले असूनही उभे राहून ते वाचले नाही. मुख्याध्यापक म्हणतात, ‘पोरं आहेत, चालायचंच.’ सहकाऱ्यांची सूचना अशी की, एक ‘आदिवासी संस्कृती दिन’ साजरा करावा. त्याने काही साधेल का?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, अचलपूर तालुका)

मॅडम, तो दिन ठरवण्याआधी मागच्या स्नेहसंमेलनाची छायाचित्रे काढून पाहा. माझ्या शाळेत कित्येक वर्षे गावातील मुले तोंडाला काजळ फासून आणि कमरेला पाला बांधून ‘आदिवासी नृत्य’ करीत, आणि पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असे. ज्यांचे ते सोंग होते, ती मुले मागे सतरंजीवर बसलेली असत. टिंगल मुले घरून आणतात असे आपण म्हणतो, पण आमच्याकडे ती मंचावरूनही शिकवली गेली.

‘चालायचंच’ हे मात्र मान्य करू नका. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. चौदा वर्षांच्या मुलावर तो उगारावा असे मी सुचवत नाही. शिक्षक-खोलीत मात्र तो एकदा मोठ्याने वाचावा.

उत्तर (माजी विद्यार्थी, धारणी तालुका)

सर, शाळा वेगळी असली तरी त्या सतरंजीवर मीही बसलो आहे. आमच्या गदली-सुसून नाचात कोणी पाला गुंडाळत नाही की तोंड काळे करत नाही.

मला त्याहून बोचले ते एका गुरुजींचे वाक्य: ‘तुमची बोली म्हणजे बिघडलेली मराठी.’ कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून झारखंडकडील संताली आणि मुंडारी तिच्या बहिणी आहेत. गोंडीचे नाते तेलुगू-कन्नडशी आहे आणि मराठी प्राकृतातून आलेली आहे. विदर्भातल्या एखाद्या वर्गात तीन भाषाकुळे शेजारी-शेजारी बसलेली असू शकतात, आणि हे शिक्षकांनाच ठाऊक नसते.

मॅडम, आपण मराठी शिकवता, तर वेगळा दिन कशाला? वचनाचा पाठ घेताना फळ्यावर लिहा: ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून ‘कोरकू’ म्हणजे माणसे. फक्त त्या मुलीला ‘आता तू बोलून दाखव’ असे म्हणू नका. तिला वाटले तर ती आपणहून बोलेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. व्याकरणाचा तास गुरुवारी आहे. आज हजेरीपट चाळताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. वसतिगृहातील मुले उशिरा दाखल होतात, म्हणून त्यांची नावे शेवटी येतात, आणि बाकांची जागाही मी त्याच क्रमाने दिली होती. ती सोमवारी बदलते.