आर्मेनियाचं बुद्धिबळ म्हणजे एकटा आरोनियन? साफ नामंजूर!

प्यादं_पुढे :
परवा बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या (देशांच्या संघांच्या स्पर्धेच्या) धाग्यावर 'हत्ती_सातव्या_पट्टीत' यांनी जाता जाता एक पिंक टाकली : "आर्मेनियाचा चमत्कार वगैरे काही नव्हता. सोव्हिएत काळाची पुण्याई आणि वर एक आरोनियन. तो अमेरिकेला गेला, दुकान बंद." आरोनियन म्हणजे लेव्हॉन आरोनियन, आर्मेनियाचा वर्षानुवर्षांचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. त्या पिंकेवर अंगठ्यांचा पाऊस पडलाय. मला ते वाचून इतकी चीड आली की उत्तर तिथे देण्याऐवजी वेगळा धागाच काढतोय.

लोकसंख्या साधारण तीस लाख. म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षाही कमी. या देशाने ऑलिम्पियाडचं सांघिक सुवर्ण तीनदा घेतलं : 2006 तुरीन, 2008 ड्रेस्डेन, 2012 इस्तंबूल. मधे 2011 ला निंगबोला जागतिक सांघिक विजेतेपद. त्याआधी 1992, 2002 आणि 2004 ची कांस्यं. ऑलिम्पियाडमध्ये पट चार असतात. पहिल्या पटावर आरोनियन आहे म्हणून खालचे तीन आपोआप जिंकत नाहीत. पहिल्या पटावर तर समोरही तगडाच माणूस बसलेला असतो, तिथे बरोबरी झाली तरी पुष्कळ. सामना फिरतो तो तिसऱ्या-चौथ्या पटावर.

आता 'दुकान बंद'चं बघू. चेन्नई 2022. आरोनियन समोरच्या अमेरिकेच्या संघात. आर्मेनियाचे पाच जण : गॅब्रिएल सर्गिस्यान, ह्रान्त मेल्कुम्यान, सॅम्वेल तेर-साहाक्यान, मॅन्युएल पेट्रोस्यान, रॉबर्ट होव्हानिस्यान. एकाचंही रेटिंग 2700 च्या वर नाही, संघाला मानांकन बारावं. सहाव्या फेरीत आपल्या दुसऱ्या संघाशी, भारत-2 शी गाठ. गुकेश तेव्हा सुसाट सुटला होता, त्याने सर्गिस्यानला हरवलं. पहिला पट गेला की एखादा संघ कोलमडतो. निहालने मेल्कुम्यानशी बरोबरी केली, आणि खालच्या दोन्ही पटांवर अधिबन आणि आपला नागपूरचा रौनक साधवानी हरले. अडीच-दीड, आर्मेनिया. शेवटी उझबेकिस्तानइतकेच 19 गुण, टायब्रेकवर रौप्य. अव्वल मानांकित अमेरिकेला पदकसुद्धा नाही.

दुकान बंद झालेल्यांची ही कामगिरी?

हत्ती_सातव्या_पट्टीत :
माझं नाव घेऊन धागा काढलाय तर सविस्तरच उत्तर देतो.

तीन सुवर्णं मी कुठे नाकारली? मी म्हणतोय ती कोणाच्या जिवावर आली ते बघा. 2014 साली आरोनियनचं रेटिंग 2830 होतं. आजवर 2800 ओलांडणारा दुसरा आर्मेनियन दाखवा. 2005 आणि 2017, दोनदा विश्वचषक त्यानेच जिंकला. कॅन्डिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, 2018 ला तो शेवटचा खेळला आर्मेनियाकडून, त्यानंतर आजतागायत एकही आर्मेनियन खेळाडू तिथे पोचलेला नाही. पहिल्या पटावर असा माणूस असला की प्रतिस्पर्धी कर्णधार आपला सगळा बेत त्याच्याभोवती आखतो आणि खालच्यांना मोकळं रान मिळतं. हे तुम्हालाही ठाऊक आहे.

चेन्नईचं रौप्य चांगलं होतं. पण रशिया आणि चीन दोघेही तिथे नव्हते, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. एका रौप्यावर 'व्यवस्था' सिद्ध होत नाही.

आणि आता कोणीतरी शाळेतल्या सक्तीच्या बुद्धिबळाचं गाणं लावणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. ती योजना 2011 ला सुरू झाली, दुसरी ते चौथीसाठी. चेन्नईच्या संघातला सगळ्यात लहान मॅन्युएल पेट्रोस्यान 1998 चा. योजना आली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. म्हणजे त्या पदकात शाळेच्या योजनेचा वाटा शून्य.

रेवती_न :
दोघांनाही एक आठवण करून देते. आरोनियन तरी कुठल्या व्यवस्थेतून आला? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं येरेवान म्हणजे युद्ध, नाकेबंदी, तासन्‌तास वीज नाही, हिवाळ्यात घरं गारठलेली. मेलिक्सेत खाचियान हा अझरबैजानच्या बाकूहून जीव वाचवून आलेला निर्वासित प्रशिक्षक. आरोनियनच्या घरच्यांनी त्याला राहायला जागा दिली आणि त्याच्या बदल्यात तो पोराला रोज शिकवायचा. ना अकादमी, ना फेडरेशन, ना अनुदान. एका घराने एका माणसाला आसरा दिला.

तेव्हा 'सोव्हिएत पुण्याई' म्हणायची असेल तर तीही नीट म्हणा. ज्या सोव्हिएत प्रशिक्षणाने खाचियान घडला त्याच सोव्हिएत संघाच्या पडझडीत तो बेघर झाला. जगज्जेत्या कास्पारोव्हची आई आर्मेनियन, तोही 1990 च्या जानेवारीत बाकू सोडून निघाला. या लोकांनी पटाची विद्या तेवढी सोबत नेली.

बाबा_ठाणेकर :
रेवतीताई, तुमच्या पोस्टने डोळ्यांत पाणी आलं. माझा मुलगा खेळतो, म्हणून लिहितो.

इथे मुलाला स्पर्धेला न्यायचं म्हणजे प्रवेश फी, रेल्वेचं तिकीट, लॉजचं भाडं, वर प्रशिक्षकाची तासावर फी. गेल्या वर्षी बाहेरगावी एका स्पर्धेत हॉलमध्ये पंखे बंद, पोरं घामाने निथळताहेत, आणि आम्ही पालक बाहेर जिन्यावर बसलेलो. तक्रार केली तर संयोजक म्हणाले, "जमत नसेल तर नाव काढून घ्या." शाळेत हजेरीवरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. आर्मेनियात ग्रँडमास्टरला सरकार दरमहा मानधन देतं. तिथे दोन हजार ड्रामच्या नोटेवर जुन्या जगज्जेत्या टिग्रान पेट्रोस्यानचं चित्र आहे, बुद्धिबळपटूचं! आपल्याकडे हे होईल का?

हत्ती_सातव्या_पट्टीत :
बाबा, तुमची तळमळ कळते, पण मानधन देणाऱ्या सरकारबद्दलच तर आरोनियनची तक्रार होती. फेब्रुवारी 2021 मध्ये देश सोडताना त्याने स्पष्ट सांगितलं की सरकार बुद्धिबळाकडे पूर्ण दुर्लक्ष करतंय. सोन्याचे दिवस होते ते सेर्झ सर्गस्यानच्या काळात. हा गृहस्थ 2004 ला बुद्धिबळ फेडरेशनचा अध्यक्ष झाला आणि 2008 ते 2018 देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. 2018 ला जनतेने रस्त्यावर उतरून त्याला घालवलं. एका राजकारण्याच्या मर्जीवर चाललेल्या कारभाराला तुम्ही व्यवस्था म्हणताय?

केळकर_जुने :
राजकारण्याचं सोडा. माझ्या मते मूळ मुद्दा असा की आरोनियनने देश सोडला तो दिवस कुठला होता. 2020 च्या शरदात अझरबैजानशी काराबाखचं युद्ध हरले, हजारो पोरं गेली, देश कोसळलेला. अशा वेळी ज्याला देशाने डोक्यावर घेतलं तो अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या डॉलरवर निघून गेला. याला मी तरी शुद्ध कृतघ्नपणा म्हणतो. पेट्रोस्यान मॉस्कोत राहिला, पण त्याच्यावरचा हक्क येरेवानने कधी सोडला नाही आणि त्यानेही नाकारला नाही.

एडिसनकर :
केळकर, तुमच्यासारखे लोक दर गणपतीत आम्हाला फोनवर हेच ऐकवतात. म्हणून आज बोलतोच.

मी देश सोडला तेव्हा आईवडील स्टेशनवर आले नाहीत. मुंबईत एका कारखान्यात मला सहा महिने पगार मिळाला नव्हता, कर्ज डोक्यावर. निघालो तर सगळे म्हणाले, पळाला. आरोनियनची बायको 2020 च्या मार्चमध्ये येरेवानला मोटार अपघातानंतर गेली. त्या वर्षी त्या माणसाने काय काय सोसलं आणि तुम्ही त्याला डॉलर दाखवताय? पंधरा-सोळा वर्षं पहिल्या पटावर त्याने देशासाठी प्रत्येक धक्का अंगावर घेतला. अजून काय द्यायला हवं होतं त्याने?

केळकर_जुने :
बायकोच्या मृत्यूबद्दल मला दुःखच आहे, ते मधे आणू नका. तुमची गोष्टही वेगळी. तुम्ही कुणाचं प्रतिनिधित्व करत नव्हता. छातीवर झेंडा लावणाऱ्याला वेगळा नियम असतो. सैनिकाला पगार थकला म्हणून तो शेजारच्या सैन्यात जातो का?

एडिसनकर :
प्यादी हलवणाऱ्याला तुम्ही सैनिक ठरवलंत. धन्य. खुर्चीत बसून दुसऱ्याच्या पोराला सीमेवर पाठवणं फार सोपं असतं, केळकर.

प्यादं_पुढे :
अहो, धागा कुठे नेऊन ठेवला! तरीही केळकरांना एकच विचारतो. सर्गेई मोव्सेस्यान जॉर्जियातल्या तिबिलिसीचा आर्मेनियन. चेक प्रजासत्ताक, मग स्लोव्हाकियाकडून वर्षानुवर्षं खेळला आणि 2010 च्या अखेरीस आर्मेनियाकडे आला. 2011 चं निंगबो आणि 2012 चं इस्तंबूल, दोन्ही सुवर्णांत तो आहे. तेव्हा स्लोव्हाकियाशी कृतघ्नपणा झाला का? की आपल्याकडे आला तर घरवापसी आणि आपल्याकडून गेला तर गद्दारी?

केळकर_जुने :
मोव्सेस्यान रक्ताच्या माणसांत परत आला. आरोनियन कुणाच्या रक्तात गेला?

रेवती_न :
रक्ताचा हिशोब मांडायचा तर ज्याचा जन्म तिबिलिसीचा आणि कारकीर्द मॉस्कोतली तो पेट्रोस्यान कुणाचा, हे ठरवायला बसावं लागेल. 1963 ला त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या बोटविनिकला साडेबारा-साडेनऊ हरवलं तेव्हा येरेवानच्या ऑपेरासमोर मोठ्या पटांवर चाली दाखवत होते आणि लोक खाली उभे राहून बघत होते. त्या काळात घराघरांत टिग्रान जन्मले. पुढे 2008 आणि 2012 च्या सुवर्ण संघांत जो दुसरा टिग्रान पेट्रोस्यान खेळला त्याचं नावही ह्याच्यावरूनच ठेवलेलं. मला व्यवस्था दिसते ती इथे. मंत्रालय नंतर आलं, शाळेचा तास त्याहून नंतर.

आणि खेळाचंही बोला की जरा! 1953, झुरिच, रेशेव्स्कीविरुद्ध पेट्रोस्यान काळ्या सोंगट्यांनी. पांढऱ्याची मधली दोन प्यादी अंगावर येताहेत, काळा पुरता आवळलेला. पेट्रोस्यान आपला हत्ती ई-6 वर नेऊन ठेवतो, पांढऱ्याच्या उंटाच्या तोंडात. का? तर ई-7 चं घर मोकळं व्हावं, तिथून घोडा डी-5 वर जाऊन बसावा आणि ती प्यादी तिथेच गोठावीत. हत्ती गेला, घोडा बसला, डाव बरोबरीत सुटला. हल्ला नाही, मात नाही. नुसतं तग धरण्यासाठी केलेलं बलिदान. चेन्नईत गुकेशने पहिला पट नेल्यावर खालच्या तिघांनी जे केलं ते बघताना मला तोच हत्ती आठवला.

हत्ती_सातव्या_पट्टीत :
रेवतीताई, डावाचं विश्लेषण सुंदर. पण नव्वद टक्के देश डोक्यावर बलिदानाचं कौतुक घेऊन फिरतो म्हणून कॅन्डिडेट्सचं तिकीट मिळत नाही. भावना वेगळी, रेटिंग वेगळं.

बाबा_ठाणेकर :
हत्तीसाहेब, तुम्ही कधी पोराला घेऊन स्पर्धेला गेलाय का? रेटिंग-रेटिंग काय लावलंय! माझ्या पोराचे दोन डाव हरल्यावर जे गुण जातात ते परत मिळवायला वर्ष जातं, आणि त्या वर्षात त्याच्यापाशी कोण बसतं? मी बसतो. तिथे निदान तिसरीतल्या पोराच्या दप्तरात बुद्धिबळाचं पुस्तक आहे. त्यातले सगळे ग्रँडमास्टर व्हावेत हा हट्ट कशाला? पोराला हरून उठता यावं एवढं तरी शिकेल.

हत्ती_सातव्या_पट्टीत :
मी स्वतः राज्य पातळीवर खेळलोय, आणि वडील एकदाही सोबत येऊ शकले नाहीत म्हणून सोडून दिलंय. मला पोराच्या बापाचं दुःख शिकवू नका.

बाबा_ठाणेकर :
हे आधी सांगितलं असतंत तर मी आवाज चढवला नसता.

प्यादं_पुढे :
एक नाव या सगळ्यात कोणीच घेतलं नाही. कारेन अस्रियान. तुरीन 2006 चा सुवर्णपदक विजेता. जून 2008 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. पाच महिन्यांनी ड्रेस्डेनला उरलेले लोक उभे राहिले आणि सुवर्ण राखलं, ते त्याला अर्पण केलं. हत्तीराव, हा आरोनियनचा एकट्याचा विजय होता का? एका पटावरचा माणूस कायमचा उठून गेला आणि सर्गिस्यान, अकोपियन, मिनास्यान यांनी ती जागा भरून काढली. 2006 पासून 2022 पर्यंत सर्गिस्यान प्रत्येक पदकात आहे. आरोनियन असतानाही, नसतानाही. तुमच्या मूळ वाक्यात त्याच्यासाठी जागा कुठे आहे?

हत्ती_सातव्या_पट्टीत :
ठीक. सर्गिस्यानवर मी अन्याय केला असं तुम्हाला वाटत असेल तर 'दुकान बंद' हे दोन शब्द मागे घेतो. फक्त ते दोनच. 'वर एक आरोनियन' हे तसंच राहील. दहा वर्षांनी शाळेच्या योजनेतून आलेला एखादा पोरगा कॅन्डिडेट्सला बसला तर बाकीचंही मागे घेईन.

केळकर_जुने :
आणि तो पोरगा तेव्हा कुठल्या झेंड्याखाली खेळत असेल, तेही बघून घ्या.

एडिसनकर :
केळकर, त्या पोराला आधी खेळू तर द्या.