हिवाळ्यात तुमच्या कॅम्पसवर कोण कोण दिसतं?

थंडी पडली की विद्यापीठांच्या आवारात पाहुणे उतरू लागतात. जुनी झाडं, पडीक माळ आणि एखादं तळं एकाच कुंपणात, असं शहरात आता दुसरीकडे कुठे सापडतं? शिकताना, शिकवताना, नुसतं फिरायला जाताना जे पाहिलंत ते लिहा. फोटो नसला तरी चालेल. घुबडाच्या ढोलीचा नेमका पत्ता मात्र टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते.

सुरुवात मीच करते. पुणे विद्यापीठ, गणेशखिंड. ऑक्टोबर सरत आला की थिरथिरा पक्षी हजर. नर काळा, पोट विटकरी, शेपटीला क्षणाची उसंत नाही. हिमालयाकडून किंवा त्याही पलीकडून आलेला हा पाहुणा मार्चपर्यंत मुक्काम ठोकतो. वटवट्या पक्ष्यांपुढे मात्र मी हात टेकलेत. वडाच्या शेंड्यातून आवाज तेवढा येतो!

पवईकर : आयआयटीला लागूनच पवई तलाव, १८९१ सालचा. मगरी बघायच्या तर हिवाळ्यातच. ऊन खाल्ल्याशिवाय त्यांच्या अंगात ऊब येत नाही, म्हणून काठावर तासन्‌तास पडून असतात. आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना 'तो ओंडका आहे' म्हणून सांगायचो. बिबट्याचं विचाराल, तर राष्ट्रीय उद्यान जवळच असल्याने अधूनमधून येतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा प्रत्येक फोटो पवईचा नसतो हो.

मूळची साताऱ्याची : जेएनयू, जानेवारीतलं धुकं. रात्री लायब्ररीतून गोदावरी हॉस्टेलकडे येताना समोर काहीतरी मोठं, काळपट उभं. कुणाचं घोडं सुटलं की काय! नीलगायीचा नर होता. माझ्याकडे बघून शांतपणे पाला खात राहिला. कोल्हेकुई तर रोजचीच. घरी फोनवर ऐकवली, तर आई म्हणाली, "दिल्लीला पाठवलंय की रानात?"

अ‍ॅन आर्बरहून : इथे अमेरिकेत बर्फातही खारी बागडतात, चांगल्या गलेलठ्ठ. शरद ऋतूत पुरून ठेवलेली फळं उकरून खातात. लालभडक कार्डिनलही कुठे स्थलांतर करत नाही. पळून जावंसं फक्त आम्हालाच वाटतं.

नाव नको : आमच्या आवारात नारिंगी कस्तुर पाचोळा उलटून किडे टिपायचा. मग कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून सगळा पाचोळा गोळा करून पेटवला. जमीन चकाचक झाली. तिथे कस्तुर काय खाणार? झाडाखालचा एखादा कोपरा न झाडता ठेवा, असा अर्ज दिलाय. उत्तर नाही.

धागाकर्ती : अर्जासोबत पक्ष्यांची यादी जोडा, वजन येतं. फेब्रुवारीच्या मध्यात कॅम्पस बर्ड काउंट असतो. किमान पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे आणि यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. विद्यार्थी आनंदाने येतात. पवईकर, त्या मगरींच्या फार जवळ जाऊन सेल्फी काढणारे अजून येतात का हो?