प्रत्येक बाळंतपणात डीएनए? आधी लेकराचं बघा!

गोदाकाठची: काल इथं एका भाऊंची पोस्ट होती, "डीएनए झाल्याशिवाय जन्मदाखल्यावर बापाचं नावच लावू नका." वर लाइकचा पाऊस! भाऊ, लग्न टिकून असताना किंवा मोडल्यावर २८० दिवसांत (आईनं दुसरं लग्न केलं नसेल तर) झालेलं लेकरू नवऱ्याचंच, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११२ होतं, जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमात ११६ आहे. हे बायकांचे लाड म्हणून नाही, लेकराला कोणी 'कोणाचं रे तू' विचारू नये म्हणून. आमच्या गल्लीतल्या एकीनं पोटगी मागितली आन् नवऱ्याला आठवलं की पोरगं माझं नाही. तवर बारशाचे फोटो स्टेटसला ठेवत होता.

परभणीचा_पाटील: ताई, रडून कायदा चालत नसतो. २०१४ ला सुप्रीम कोर्टच म्हणलं, गृहीतक आन् विज्ञान भांडायले तर विज्ञान धरा. ज्याचं नाही त्यानं पैसे कामून भरायचे?

वकीलबाई_लातूर: पाटील, अर्धंच वाचलंत. तिथं रिपोर्ट हातात आलेला होता. ऊठसूट टेस्टला कोर्ट परवानगी देतच नाही, नवरा-बायकोची गाठ पडणंच शक्य नव्हतं हे आधी दाखवावं लागतं. बदलायचं असेल तर लग्नाबाहेरच्यांचे कायदे बदला. सरोगसी (दुसऱ्या बाईच्या पोटी आपलं मूल वाढवणं) विधवेला, घटस्फोटितेला ३५ ते ४५ वयात चालते, बिनलग्नाच्या बाईला नाही, एकट्या पुरुषाला तर नाहीच, ही कुठली अक्कल?

जालनेकर: ते ऱ्हाऊ द्या हो, जातीच्या दाखल्याचं बोला. मे २०२४ पासून आईचं नाव कागदावर सक्तीचं, फोटो काढून झाले, पण बहीण पोरीचा दाखला काढायला गेली तर वडिलांकडचीच टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा, वंशावळ आणा. आता ज्यानं टाकलं त्याच्या दारात जायचं का? हैदराबाद गॅझेटचं, म्हंजे निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदींचं, सगळं गाव बोलतंय, तिच्यासारखीचं कोणीच नाही.

परभणीचा_पाटील: म्हंजे उद्या सगळेच मामाच्या जातीवर फॉर्म भरणार. झालं, संपलं आरक्षण!

जालनेकर: तुमच्या डोक्यात नुसता कोटा. टाकलेल्या बाईच्या पोरीला मामाच्याच घरचं ताट मिळालंय, बापाच्या घरचं नाही.

वकीलबाई_लातूर: आंतरजातीय लग्न असेल तर २०१२ चा निकाल आहे, बापाचीच जात असं आपोआप नाही, लेकरू कुणात वाढलं, काय भोगलं ते बघा म्हणून. दोघं एकाच जातीचे असतील तर भांडण फक्त कागदाचं.

जालनेकर: निकाल खिडकीतल्या माणसाला वाचून दाखवू का? मागं लाइन ओरडायली असते.

गोदाकाठची: माझा धागा कुठं नेला तुम्ही! बिनलग्नाच्या आईला बापाचं नाव न सांगता पालक होता येतं हे २०१५ लाच ठरलंय, जन्मदाखल्याला तिचं शपथपत्र पुरे. तरी दवाखान्यात पहिला प्रश्न, मिस्टर कुठंयत.

परभणीचा_पाटील: बरं बाई, सगळ्या लेकरांचं डीएनए नको, मान्य, खर्च शेवटी आमच्याच टॅक्सचा. पण संशय असणाऱ्याला हक्क पायजेच.

गोदाकाठची: संशय तर तुम्हाला मीटरच्या रीडिंगवर बी असतो.

जालनेकर: वकीलबाई, तो २०१२ चा निकाल टाका ना इथं. बहिणीची केस एकाच जातीतली नाहीये, घाईत लिहायचं ऱ्हायलं.